जावेच्या भिंतीवरचं गाणं

माझ्या ओटीवर अख्खी वाडी लोटली होती. देव्हाऱ्यातला पितळी कलश ताटलीवर आपोआप थरथरत होता, किणकिणत होता. ना कुणाचा हात, ना वारा.

"बा गावदेवी म्हाराजा," सदू भगतानं डोळे फिरवले, "पलीकडं गाणं लागलं की तू कोपान कापतेस. त्या घरात करणी हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडीनं साथ दिली.

पलीकडं म्हणजे माझी धाकटी जाऊ, चिमा. वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध फळ्यांची पातळ भिंत घातली. त्याच भिंतीला तिच्या नवऱ्यानं, रावजीनं, मुंबईहून आणलेल्या टेपचे दोन स्पीकर स्क्रूनं आवळले. तेव्हापासून सगळ्या बायका गाणी ऐकायला तिच्याकडं, माझ्याकडं कुणी मीठ मागायलाही येईना. मी जात्यावर गायची,

*जावेच्या घरी बाई, गाणं वाजं भिंतीवरी,*
*माझ्या चुलीतला जाळ, गेला काळजाच्या घरी.*

म्हणून कलश थरथरला तेव्हा मला बरंच वाटलं. बायका परत माझ्या ओटीवर आल्या होत्या ना!

"त्या बाईला विहिरीवर येऊ देऊ नका," सदू म्हणाला.

चिमा रिकामी कळशी घेऊन दारात उभी होती. "आक्का, तू तरी बोल गो!"

माझी मान खाली गेली. तीन दिवसांपूर्वी पलीकडं गाणं लागलेलं असताना झाडताझाडता मी भिंतीला हात लावला होता. फळी मधाच्या पोळ्यासारखी घुमत होती. देव्हारा त्याच फळीला ठोकलेला.

"चिमे, टेपवर देवीची आरती लाव," मी म्हणाले.

आरती लागली. कलश किणकिणला.

"काय रे सदू, सोताच्या आरतीवर पण कोपते काय देवी?" मी विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं.

"चिमे, आता दोन्ही स्पीकर भिंतीवरनं काढ. गोधडीच्या घडीवर ठेव. आरती तीच, आवाज तेवढाच."

चिमानं तसं केलं. आरती ऐकू येत होती, उलट शब्द स्वच्छ झाले. कलश मात्र गप्प.

"देवी निघून गेली!" सदू ओरडला.

"थांब, बोलवते." मी पलीकडं जाऊन एक स्पीकर भिंतीला दाबून धरला. किणकिण! काढला, गप्प. दाबला, किणकिण! माझ्या ओटीवर वाडी पोट धरून हसत होती.

स्पीकर वाजताना हादरतो. पातळ भिंतीला आवळला की भिंतही हादरते, जाड सूर जास्तच घुमतात. गोधडी ते हादरे पिऊन टाकते. करणी ती एवढीच.

त्या दिवशी विहिरीवर चिमाची कळशी मीच भरली.

बायांनो, काही थरथरताना दिसलं तर हात जोडण्याआधी हात लावून बघा. आणि कळलं तर बोला. मला तीन दिवस आधीच कळलं होतं. सदूची देवी तेवढे दिवस माझ्या जळण्यावर जगली.