कंबोजवनातले सोमसूत्र

माघाचे केशरवर्णी ऊन कंबोडियाच्या त्या निबिड अरण्यात उतरत होते. उतरत होते आणि पर्णापर्णावर अडखळत होते. अजगरदेही मुळ्यांनी एका भग्न शिवालयाला विळखा घातला होता. शिखर ढळलेले, द्वारपाल मस्तकहीन, आणि शेवाळश्याम गाभाऱ्यात पिंडी तेवढी निश्चल.

त्या पिंडीपुढे विसाजी गुरव उभा होता. कोकणात तीन पिढ्या महादेवाची पूजा करणारे त्याचे घराणे. पत्नी सुभद्रा गेली ती एवढेच मागून गेली, की जिथे कोणी दिवा लावत नाही अशा महादेवाला माझे पैंजण आटवून केलेले बेलपान वाहा. ते रजतशुभ्र बेलपान विसाजीने पिंडीवर वाहिले.

पण त्याचे मन पूजेत नव्हते. मन मागे होते, वाटाड्या वुथीवर होते.

जुन्या देवळांच्या डागडुजीला आलेल्या भारतीय पाथरवटांच्या हाताखाली राबून मोडकी हिंदी शिकलेला हा वुथी सारी वाट भूमीकडे पाहत चालला होता. नजर वर नाही, शब्द नाही. बेलपान लखलखले तेव्हा मात्र त्याची नजर उचलली गेली. संशय विसाजीच्या काळजात शिरला. शिरला आणि वेटोळे घालून बसला. आपली पाठ वळली की हा परत येणार! सुभद्रेची चांदी बाजारात जाणार!

"बाबूजी, जल्दी," वुथी म्हणाला. त्यांना घेऊन आलेली होडी परतली होती. बैलगाडी देवळामागच्या वाटेवर थांबणार होती.

"एवढी कसली रे घाई तुला?" विसाजी पुटपुटला.

देवळाला वळसा घालताना वाटेत सोमसूत्र आडवे आले. पिंडीवरचे तीर्थ भिंतीबाहेर नेणारी ती दगडी पन्हळ. वुथी ती सहज ओलांडून गेला. विसाजी थबकला. गुरवाच्या पोराने महादेवाचे तीर्थ ओलांडायचे? पन्हळ पुढे गवतात संपत होती. तिच्या टोकाला वळसा घालावा म्हणून त्याने हरितकोमल गवताकडे पाऊल उचलले.

वुथी झेपावला. त्याने विसाजीचे मनगट पकडले, घट्ट, लोखंडासारखे घट्ट.

"सोड! सोड मेल्या! चोर आहेस तू, चोर!"

वुथीने सोडले नाही. दुसऱ्या हाताने त्याने विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली. खाली मांस नव्हते. रबराचा पाय होता.

"घास में बम, बाबूजी. पुराना, लड़ाई का. मेरा पाँव इधर ही गया. रस्ता साफ है. बाजू में नहीं."

विसाजीचे उचललेले पाऊल अधांतरी राहिले, मग हळूच वाटेवर परतले. वुथीने मनगट सोडले. विसाजीने हात जोडले.

"माफ कर, बाबा," तो पन्हळीकडे बोट दाखवत म्हणाला. "पण हे तीर्थ ओलांडता येत नाही मला. मधे काडी, गवत, काही आडवे घातले तरच दोष लागत नाही." आणि भाबडेपणाने तो पुन्हा गवताकडेच वाकला.

"अरे, घास नहीं!" वुथी ओरडला, आणि ओरडता ओरडता हसला.

मग त्याने गळ्यातला घामट, लाल चौकडीचा पंचा काढला आणि त्या दगडी पन्हळीवर अंथरला. विसाजीने पंच्याला हात लावून हात कपाळी नेला, आणि तो पार झाला.

पुढे वाट धूलिरक्त होती. वुथीचे एक पाऊल मांसाचे, एक पाऊल रबराचे. मागून विसाजी चालला; भूमीकडे पाहत, शब्द न बोलता, त्या एकेका ठशात आपले पाऊल अलगद ठेवत, ठेवत, ठेवत.