मुंडीचा मान

वैशाखाला या किनाऱ्यावर दयामाया नाही. सूर्य उगवतो तोच तापलेला. खाडीचं पाणी ओहोटीबरोबर मागे सरतं, सरताना चिखल उघडा टाकतं, आणि त्या उग्रगंधी, काळ्या, खारट चिखलावर बगळे उभे राहतात, शुभ्र, निश्चल, निर्दय. माडांना सावली असते, पण दुपार झाली की तीही बुंध्याशी आखडून बसते.

अशा या रखरखीत, रक्तनेत्र वैशाखात मिठबावकरांचं सारं गोत गावी जमतं, ते गरवायला, गळ टाकून मासे धरायला. गळाला कोळंबी लावायची, तंगुसाच्या बारीक दोरीला शिसं बांधायचं, पाण्यात शिरलेल्या कातळावर, खडपावर बसायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं. पोटासाठी कुणी बसत नाही, सगळी हौस. पहाटेच्या भरतीला मासे मिळतात, दुपारच्या पंगतीला त्यांच्या कथा. कथेतला मासा पाण्यातल्या माशापेक्षा दोन किलो जड असतोच, आणि त्याबद्दल या घरात कधी कुणाची तक्रार नसते.

घराण्याची एक रीत आहे. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सर्वांत मोठ्या माशाचं कालवण होतं. त्याची मुंडी ज्याला मासा लागला त्याला मिळत नाही. ज्याच्या नावावर घरातला आजवरचा सर्वांत मोठा मासा आहे, त्याच्या पानात ती पडते. सत्तावीस वर्षं ती जगन्नाथच्या पानात पडत आली. सत्तावीस वर्षं ती त्याच्या बायकोने, कुमुदिनीने, आपल्या हाताने वाढली.

आणि मासा कुमुदिनीचा होता.

लग्नानंतरचा तो पहिला वैशाख. ती सह्याद्रीच्या पायथ्याची, रानातली. समुद्र तिने वऱ्हाडाच्या गाडीतून पहिल्यांदा पाहिलेला. घर जागं व्हायच्या आत जगन्नाथ तिला हौसेने खडपावर घेऊन गेला. पूर्व नुकती केशरी होत होती, पाणी जांभळं होतं, वारा लाजरा होता. कोळंबीचा डबा मागच्या कातळावर राहिला म्हणून तो वळला आणि तंगूस तिच्या हाती देऊन म्हणाला, जरा धर गो.

तिने धरला. आणि कुणी शिकवलं नव्हतं म्हणून तळहाताभोवती त्याचे दोन वेढे घेतले. जाणता गरवणारा तंगूस कधी हाताला गुंडाळत नाही. मोठा मासा लागला तर तो बोटं घेऊन जातो.

मासा मोठाच होता. तंगूस ताणला, वाऱ्यात गुणगुणू लागला, वेढे आवळले, आणि तिचा मेंदीचा तळहात या कडेपासून त्या कडेपर्यंत उघडला. रक्त मनगटावरून उतरलं, हिरव्या बांगड्यांखालून कोपरापर्यंत गेलं. जगन्नाथ धावत आला, घाबरून पांढरा पडला आणि ओरडला, "सोड गो, सोड तो तंगूस."

तिने सोडला नाही. हात अडकला होता, हे अर्धं खरं. सोडायचाच नव्हता, हे उरलेलं अर्धं. एकेक पाऊल मागे टाकत, सारं अंग मागे झोकत, दात आवळत ती चढत गेली. आणि शेवटी पाणी फुटलं, आणि ताम्रवर्णी, रुंदछातीची, क्रुद्धनेत्र तांबोशी कातळावर येऊन आपटली. सात किलोंची. सूर्य त्याच क्षणी वर आला.

घरी, अंगणातल्या खळ्यात सासरे उभे होते. नवी सून उजाडायच्या आत खडपावर गेली हे कळलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. "ह्यो मासो कोणी काढलो?" त्यांनी विचारलं.

"मी," जगन्नाथ म्हणाला, आणि तिच्याकडे बघून किंचित हसला.

तिने पदराआड मूठ मिटली आणि तीही हसली. तळहात विळीवर कापला, असं तिने सासूला सांगितलं. त्या दिवशी ते खोटं तिच्यासाठी होतं. त्या खोट्यावर तिचं प्रेम होतं, हेही सांगायला हवं.

पुढचा वैशाख आला तेव्हा सासरे उरले नव्हते. आता भिण्यासारखं कुणी नव्हतं. पंगतीत जगन्नाथने कथा सुरू केली, आणि कालवणाचं पातेलं धरून उभी असलेली ती त्या हसण्याची वाट बघत राहिली. तो "मी" म्हणाला. तिच्याकडे बघितलं नाही. मुंडी मात्र पुढे केलेल्या पानात घेतली.

एवढीच तिची मागणी होती. कथा खुशाल सांग, "मी" म्हण, मुंडी खा. पण सांगताना एकदा माझ्याकडे बघ. सत्तावीस वैशाख तिने त्या एका नजरेची वाट पाहिली. सात किलोंचे आठ झाले, आठाचे दहा झाले, खडप उंच झालं, लाटा माडाएवढ्या झाल्या, आणि त्या कथेत खडपावर दुसरं माणूस कधीच नव्हतं. एकदा, पाचव्या वर्षी, परतीच्या एसटीत तिने विषय काढून पाहिला. तो म्हणाला, धरला असशील थोडा वेळ, आता कशाला जुनी मढी उकरतेस. मग खिडकीला डोकं टेकून तो झोपला. ती घाटभर जागी राहिली.

तिला राग येत नव्हता असं कुणी समजू नये. चांगला सणसणीत राग येत होता, आणि तो तिने लोणच्यासारखा मुरवला होता. वर्षभर ती त्याचे डबे भरी, गोळ्या काढून देई, शर्टाची बटणं लावी. वैशाख लागला की तिला त्याचं हसणं बघवत नसे, त्याचं घास चघळणं ऐकवत नसे. तिच्या तळहातावर पांढरी रेघ होती. पीठ मळताना ती ताणली जाई.

यंदा पंगतीत नवा माणूस होता, मुलीचा नवरा निनाद. नाशिकचा, सालस, सासऱ्यांच्या माशाची कीर्ती साखरपुड्यापासून ऐकत आलेला. त्याच्याशेजारी जगन्नाथचे थोरले चुलतभाऊ, नाना. जगन्नाथला गळ बांधायला त्यांनीच शिकवलं होतं. बाहेर दुपार धगधगत होती. पडवीत केळीची पानं मांडली होती, तिरफळांचा वास दरवळत होता, लालभडक कालवणात तांबोशीची मुंडी डोळा वटारून बसली होती.

नवा श्रोता मिळाला आणि जगन्नाथला चेव चढला. मासा अकरा किलोंचा झाला. समुद्र खवळला. तेवढ्यानेही भागेना. तेव्हा त्याने हात पुढे पसरला आणि सत्तावीस वर्षांत कधी न सांगितलेलं सांगून टाकलं.

"तंगूस हाताक गुंडाळलेलो, जावयबापू. हाडापर्यंत गेलो, हाडापर्यंत. तरी मी सोडूक नाय."

कालवणाचं पातेलं घेऊन वाढायला आलेली कुमुदिनी जागीच थांबली. मासा त्याने नेला होता, तो तिने जाऊ दिला होता. आज त्याने तिची जखम नेली. तिचं न सोडणंही नेलं.

निनाद भारावला होता. कपट त्याच्या गावीही नव्हतं. "वण असेल ना अजून? दाखवा ना, बाबा," तो म्हणाला.

सगळ्या पंगतीने माना वळवल्या. जगन्नाथने हात उलटा केला, आणि कदाचित त्या क्षणी तोही खरोखरच तिथे काहीतरी शोधत होता. तळहात गुळगुळीत होता, कारकुनाचा, गुबगुबीत, शाईचाही डाग नसलेला. वयाने बुजला असेल, तो पुटपुटला. मग नानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"जग्या," ते शांतपणे म्हणाले, "तू कधीपासून तंगूस हाताक गुंडाळूक लागलंस? मी तुका असा शिकवूक नाय. असा नवखा माणूस करता."

जगन्नाथचा चेहरा उतरला. आणि तेव्हा, सत्तावीस वर्षांनी, घाम पुसत, वाट चुकल्यासारखा, त्याने तिच्याकडे बघितलं. जी नजर तिने इतके वैशाख मागितली होती ती आली. पण हसू घेऊन आली नाही, सांभाळून घे म्हणत आली. काहीतरी बोल, विळी म्हण, म्हातारपण म्हण, मला वाचव.

तिने पातेलं खाली ठेवलं. उजवा हात पंगतीसमोर उघडला. पांढरी, जाड, आडवी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती.

"माझो वण अजून बुजूक नाय," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. निनादने खाली पानाकडे बघितलं. दारात उभ्या मुलीने आईच्या हाताकडे बघितलं. विळीची ती गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती, आणि आता ती त्या रेघेवरून नजर काढेना. जगन्नाथने आपला हात मांडीखाली घेतला. नाना बाजूला सरकले, आणि पंगतीत एका पानाएवढी जागा झाली.

या घरात बायका पुरुषांच्या पंगतीला बसत नसत. तिने कोपऱ्यातलं एक पान उचललं, पाणी शिंपडून पुसलं, नानांच्या शेजारी मांडलं आणि बसली. डावाने मुंडी काढून आपल्या पानात घेतली. जगन्नाथच्या पानात तिने शेपटी वाढली, वर थोडा रस घातला, कमी पडू नये म्हणून भातही घातला. त्याने पानाला हात लावला नाही, आणि तिने त्याला जेव म्हटलं नाही.

मग तिने मुंडी फोडली. गालाचं मांस सर्वांत गोड असतं, असं ती सत्तावीस वर्षं नुसतं ऐकत आली होती. वण असलेल्या हाताने ती सावकाश खात राहिली, काटे एकेक काढून पानाच्या कडेला लावत राहिली. तिखटाने की कशाने, तिचे डोळे भरून आले होते. ते तिने पुसले नाहीत.

बाहेर ओहोटीने खाडी सुकत चालली होती. उन्हात काळा कातळ तापला होता, कातळावर बगळे उभे होते, आणि जिथवर पाणी चढून आलं होतं तिथवर मिठाची एक रेघ उरली होती. पांढरी, आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.