मनीच्या छातीतली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. घड्याळातली किंवा टॉर्चमधली नव्हे. काडेपेटीएवढ्या धातूच्या डबीतली मी, काही वर्षे एका मुलीच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत राहिले. आता माझी ताकद संपली म्हणून मला बाहेर काढून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवले आहे. नवे पेशंट मला हातात घेतात, "एवढीशी?" म्हणतात आणि खाली ठेवतात. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळा आहे आणि तो आज मी बोलून दाखवणार आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या अशा खोलीत झाला, जिथे माणसांचे फक्त डोळे दिसतात. तपासणाऱ्या बाई भलत्याच कडक होत्या. जराशी शंका आली की डबी बाजूला. मी पास झाले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते.

मग मी मनीकडे आले. मनी सोळा वर्षांची होती आणि तिला टुरेट नावाचा आजार होता. त्यात मेंदूकडून नको असलेले हुकूम सुटतात. मान हिसडते, खांदा उडतो, तोंडातून आवाज निघतो. पुष्कळ मुलांचा हा त्रास वाढत्या वयात कमी होतो, मनीचा मात्र वाढतच गेला. औषधे झाली, व्यायाम झाले. मान इतक्या जोरात मागे जाई की मानेतली नस दुखावली, उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या आणि जेवताना चमचा गळून पडू लागला. झटके थांबले नाहीत तर हात कायमचा जाईल, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले. म्हणून ऑपरेशन झाले. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा घातल्या आणि त्या कानामागून, मानेतून माझ्यापर्यंत आणल्या. मी मंद वीज पाठवायची आणि ते हुकूम शांत करायचे. वीज किती, ते डॉक्टरबाई मनीचे झटके पाहून बाहेरूनच ठरवत.

इथेच सगळे बिघडले. दर वेळी दवाखान्यात शिरताना बाबा मनीला सांगत, "डॉक्टरांसमोर तरी नीट बस हं. एवढं केलंय त्यांनी, त्यांनाही बरं वाटायला हवं." मनी बसे. हात मांडीखाली, जीभ दातांत. शिंक दाबावी तसे झटके थोडा वेळ दाबता येतात, पण जीव मेटाकुटीला येतो. डॉक्टरबाई खूश होऊन म्हणत, "छान! एवढी वीज पुरे." गाडीचे दार लागले की दाबलेले सगळे एकदम बाहेर पडे. मला पाय नाहीत, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

घरी तर कहर होता. "तिथे जमतं, मग घरी का नाही? मनावर घेत नाहीस," असे बाबा म्हणत. आत्या म्हणाली, "डोक्याला भोकं पाडून घेतली आणि उपयोग शून्य." वर्गात तिला 'झटका' म्हणत आणि बाई तिला दाराजवळच्या बाकावर बसवत. माझ्या नावाने खडे फोडणारे तर पैशाला पासरी होते. वीजच पुरेशी नाही, हे ओरडून सांगायला मला तोंड नव्हते.

शेवटी बाबा डॉक्टरबाईंना म्हणाले, "यंत्र काही चालत नाही. काढून टाका."

"मला तर झटके फारसे दिसतच नाहीत," डॉक्टरबाई गोंधळून म्हणाल्या.

"मी इथे दाबून धरते," मनी म्हणाली.

"का गं?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून. बाबा सांगतात."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "घरचा व्हिडिओ मी मागायला हवा होता. चुकलंच माझं. आता दाबू नकोस, सोडून दे."

मनीने बाबांकडे पाहिले. "तुम्ही बाहेर जा."

बाबा गेले. मनीने सोडून दिले. मान अशी मागे गेली की माझी तार ताणली गेली, खुर्ची सरकली, तोंडातून नको असलेली शिवी सुटली. डॉक्टरबाईंनी नजर हटवली नाही. त्या दिवशी त्यांनी वीज वाढवली, पुढच्या खेपेला आणखी थोडी. काही महिन्यांत मान शांत झाली. खांदा अजून उडतो, डोळे मिचमिचतात. मनी त्याला हसते.

मित्रांनो, अशा आत्मकथनांत जुन्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्यायला सांगतात. माझी घेऊ नका. मनीच्या छातीत आता नवी बॅटरी आहे आणि ती उत्तम चालते, हे मनी तपासणीला आली की मी टेबलावरून ऐकते. पण तुमच्या वर्गात कुणाची मान हिसडली, तर त्याला 'नीट बस' म्हणू नका. त्याला तसेच बसू द्या. मनीचा हात बराचसा परत आला. करंगळी आणि शेजारचे बोट मात्र उशीर झाल्यामुळे बधिरच राहिले. बाबा रोज संध्याकाळी ती दोन बोटे चोळून देतात आणि दर वेळी विचारतात, "आता काही कळतंय का गं?" मनी खरे ते सांगते. नाही म्हणते.