फूटपट्टी आणि गोल शिवण

घरात सगळे धाकट्या सुनेला फूटपट्टी म्हणत. पडद्यांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं तिने सरळ शिवणी मारल्या होत्या. "हिच्या शिवणीवरून आगगाडी न्यावी," असं नवरा कौतुकाने सांगायचा. पण कापडाला वळण आलं की तिचा हात अडे. लेकीच्या फ्रॉकचा गळासुद्धा ती बाहेरून शिवून आणायची.

वळणांत हातखंडा होता तो थोरल्या जावेचा. गोधडीवर चंद्रकोर जोडावी तर तिनेच. पण दोघींत चार वर्षं बोलणं नव्हतं. सासूबाईंचं शिलाई मशीन धाकटीकडे गेलं तेव्हा थोरली म्हणाली होती, "पडद्यांना काय, कुठलंही मशीन चाललं असतं." ते धाकटीच्या जिव्हारी लागलं होतं.

आणि एके सकाळी तीच थोरली पिशवी घेऊन दारात उभी.

"वाचनालयाच्या नव्या टेबलासाठी बारा कोस्टर कबूल केलेत मी. कपाखाली ठेवायचे. सगळं कापून ठेवलंय, पण शिवायला बसले की..." तिने हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "डॉक्टर म्हणतात, हे आता असंच राहणार."

"दुसऱ्या कुणाला दिलं नाहीत?"

"दुसऱ्या कुणाची शिवण मला बघवत नाही."

"आणि माझी?"

"तुझी निदान सरळ असते. गोल करायला मी शिकवते."

धाकटीने पिशवी घेतली. पडद्यांचा टोमणा अजून सलत होता, म्हणूनच घेतली.

काम दिसायला एवढंसं. निळ्या कापडाची पाव चकती आणि पिवळा चौकोन, ज्याचा एक कोपरा उंदराने गोल कुरतडल्यासारखा कापलेला. चकती त्या खाचेत शिवायची. असे चार तुकडे जोडले की चौकोनात पूर्ण गोल उमटतो. मग आत कापसाचा पातळ थर, खाली अस्तर आणि वरून टाके. पण दोन्ही वळणं उलट दिशेची. एकमेकांवर ठेवली की दोघी जावांसारखी तोंडं फिरवायची.

"आधी मध्यावर टाचणी, मग दोन्ही टोकांना," थोरली खुर्चीतून सांगू लागली. "पिवळा वर घे. अगं, ओढू नकोस! पडदा नाही तो."

"ओढत नाहीये मी."

"मशीन ओरडतंय ते ऐकू येतंय मला."

पहिल्या दिवशी सहा जोड शिवले आणि सहाही उसवले. कुठे चुणी, कुठे टोक भलतीकडेच. दुसऱ्या दिवशी तीच गत. नवरा म्हणाला, "सोड ना, नाही म्हणून सांग." धाकटी दातात दोरा धरून म्हणाली, "बाराच्या बारा करून देईन, मग बोला."

तिसऱ्या दिवशी थोरली यायच्या आत तिने न शिवलेले तुकडे पिशवीतल्या पुठ्ठ्याच्या मापावर ठेवून पाहिले. एकही तुकडा मापात नव्हता. कुठे शिवणीसाठी सोडलेली माया दाण्याएवढी कमी, कुठे जास्त. चूक शिवणीत नव्हती, कापण्यातच होती. थोरलीचे हात तेव्हाच थरथरत होते.

सांगायचं कसं? तिने सांगितलंच नाही. पिशवीत उरलेलं कापड पसरलं आणि सगळे तुकडे नव्याने कापले. चार वर्षांच्या अबोल्यानंतर जावेला खाली पाहायला लावायचं तिच्या जिवावर आलं.

थोरली आली. एक तुकडा उचलून तिने कडेवरून अंगठा फिरवला.

"हे माझं कापणं नव्हे."

धाकटी सुईत दोरा ओवू लागली.

"किती चुकले होते?"

"सगळेच," धाकटी म्हणाली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

थोरली उठून खिडकीशी गेली. ही आता निघून जाणार, असं धाकटीला वाटलं. पण वळली तेव्हा डोळे ओले असले तरी आवाज खणखणीत होता.

"म्हणजे दोन दिवस मी तुला उगाच बोलले. बस मशीनवर. मध्यावर टाचणी."

या वेळी धाकटीने कापड ओढलं नाही. चार टाके, थांबायचं, कापड वळवायचं, पुन्हा चार टाके. इस्त्री फिरवली आणि निळी कड पिवळ्यात अलगद बसली.

"एक झाला!" ती ओरडली.

"अजून सत्तेचाळीस आहेत. नाचू नकोस," थोरली म्हणाली, पण हसली.

रोज दुपारी चार-चार तास त्या भिडल्या. धाकटी शिवायची, थोरली डोळ्यांनी मापायची आणि नापास झालेलं निर्दयपणे परत करायची. एका कोस्टरवरून कडाक्याचं भांडण झालं. धाकटी म्हणे चालेल, थोरली म्हणे नाही. शेवटी तो उसवला.

नवव्या दिवशी बारा कोस्टर तयार झाले. वाचनालयाच्या बाईंनी एकेक उलटून पाहिला आणि थोरलीला म्हणाल्या, "तुमचा हात ओळखू येतो."

"शिवण हिची आहे," थोरली म्हणाली. "माझी फक्त कटकट."

बाई हसल्या. "आतल्या लहान टेबलासाठी अजून आठ द्याल?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तोवर पर्समधून मोजपट्टी काढून त्या टेबलाकडे निघालीसुद्धा होती.