वजनाप्रमाणे नशीब

मी वजनकाटा बोलतोय. एरवी आणा टाकल्याशिवाय तोंड उघडायची मला सवय नाही. पण तुम्ही विसरवाडीच्या या चहाच्या हॉटेलाशी उभे आहात, गाडीला अजून वेळ आहे आणि चहा अजून उकळतोच आहे. तेव्हा आज फुकटात ऐका.

माझ्याकडे असं तिरकं बघू नका. आता काचेला तडा गेलाय आणि पोटात चिमणीनं घर केलंय, पण एके काळी मी लालभडक रंगाचा, कपाळावर आरसा मिरवणारा देखणा गडी होतो. जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. पहिली काही वर्षं सुरतेच्या एका नाटकगृहाच्या दाराशी काढली. ते बंद पडलं आणि मी जुन्या बाजारात येऊन बसलो. तिथे प्रेमचंद सेठ आला. त्यानं माझ्या आरशात आपल्या मिशा पाहिल्या, डाव्या बाजूनं पाहिल्या, उजव्या बाजूनं पाहिल्या आणि लगेच सौदा करून टाकला.

प्रेमचंद सेठचा फिरता सिनेमा होता. दिवाळी झाली, कापूस घरात आला की तो म्हसावदला तंबू ठोकायचा आणि पावसाच्या तोंडावर गुंडाळायचा. मला नंदुरबारपर्यंत रेल्वेनं आणलं. पुढे बैलगाडी. प्रकाशाजवळ तापी उतरताना गाडीवानानं मला दोरीनं इतकं आवळलं होतं की माझा काटा शून्यावर यायला दोन दिवस लागले.

म्हसावदला मला तंबूच्या दाराशी उभं केलं. तंबूच्या इंजिनावर माझे दिवे लुकलुकायचे. लोक पायातलं काढायचे, देवळात चढतात तसे माझ्यावर चढायचे. काटा गरगर फिरायचा आणि आणा टाकला की खालच्या फटीतून तिकीट पडायचं. एका बाजूला नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला आजचं भविष्य. तरणी पोरं आधी फोटो बघायची, म्हातारे आधी भविष्य बघायचे आणि मग हळूच फोटो.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. ग्रह, नक्षत्र, रास यांतलं मला ओ का ठो कळत नाही. माझ्या आत तिकिटांचे कप्पे होते, एकाशेजारी एक. काटा जिथे थांबेल तिथल्या कप्प्यातलं तिकीट खाली पडायचं. म्हणजे हडकुळ्यांचं नशीब एक, मध्यम बांध्याच्यांचं दुसरं आणि ढेरीवाल्यांचं आणखी वेगळं. ज्याचं वजन हलत नाही त्याला दर आठवड्याला तेच तिकीट. यावरून लोकांना माझी लबाडी कळायला हवी होती की नाही? उलट ते म्हणायचे, "बघा, मागच्या बाजारालाही हेच निघालं होतं, म्हणजे खरंच असणार!" माणसांपुढे मी हात टेकले आहेत.

ज्या पडीक शेतात आमचा तंबू होता ते शेत भिला पाटलांचं. उंच, सडसडीत, पांढरा फटफटीत सदरा, आवाज मात्र भोंग्यासारखा. दर बाजारच्या दिवशी ते वजन करायचे, तिकीट चार लोकांत मोठ्यानं वाचायचे आणि त्यात लिहिलंय तसं अक्षरशः वागायचे. त्यांच्या कप्प्यातलं तिकीट असं होतं: 'आपला शब्द अंतिम राहील. कोणाचेही ऐकू नका.' वर्षानुवर्षं दर आठवड्याला हे वाचल्यावर माणसाचं काय होणार? गाव म्हणायचं, पाटील हेकट आहेत. मी म्हणतो, पाटील त्या वजनाचे होते, एवढंच.

त्यांची बायको गजराबाई. मी उभा होतो तिथून त्यांचं परसदार सरळ दिसायचं. पाटील स्वतः एक सिनेमा सोडायचे नाहीत. पण "पाटलाना घरनी बाई तंबूमां बसत नही," असा त्यांचा शब्द होता, आणि शब्द तर अंतिम. त्यामुळे गजराबाईनं आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नव्हता. ऐकले मात्र सगळे होते. संध्याकाळी पडद्यावरचा आवाज शेत ओलांडून तिच्या चुलीपर्यंत जायचा. गाणी तिला पाठ. खलनायकाचं हसणं ती म्हशीला हसून दाखवायची आणि म्हैस दचकायची. आई मरते त्या जागी भाकरी थापता थापता ती पदरानं डोळे पुसायची. फक्त ती आई दिसते कशी, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी बातमी आली की शहाद्याला पक्कं थिएटर होतंय. प्रेमचंद सेठ होळीनंतर तंबू गुंडाळणार आणि पुन्हा यायचा नाही. गावाला हळहळ वाटली. गजराबाई त्या दिवशी परसात कितीतरी वेळ हातात रिकामी घागर घेऊन तंबूकडे बघत उभी होती. आता ऐकणंही बंद होणार होतं. मला तिची फार दया आली, पण मी पडलो लोखंडाचा. मी काय करणार?

जे केलं ते तिनंच केलं, आणि सुरुवात झाली गुळापासून.

बाजारचा दिवस होता. पाटील गुळाची भेली काखेत धरूनच माझ्यावर चढले. मागे डोक्यावर टोपली घेऊन गजराबाई. बायकांनी बाजाराला यायला हरकत नव्हती, तंबूचं दार ओलांडायला होती. भेलीच्या वजनानं काटा पुढच्या कप्प्यात गेला आणि तिकीट पडलं: 'आज कोणताही व्यवहार करू नका. नुकसान संभवते.'

पाटलांचा चेहरा उतरला. त्यांना त्या दिवशी बैल घ्यायचा होता.

"भेली मन्हाकडे द्या," गजराबाई म्हणाली, "अनि परत उभा ऱ्हा बरं."

भेली तिच्याकडे गेली, दुसरा आणा पडला आणि पाटलांचं जुनं तिकीट बाहेर आलं. शब्द अंतिम.

"या गुळमां अपशकुन शे!" पाटील गरजले आणि तिच्या हातातली भेली घेऊन ती परत करायला वाण्याकडे निघाले. गजराबाई जागची हलली नाही. ती माझ्या काट्याकडे बघत होती. तेवढ्यात प्रेमचंद सेठ ढेरी सावरत माझ्यावर चढला. त्याला नेहमीचंच तिकीट मिळालं. तंबूचा द्वारपाल आणि गावभर भोंग्यावर जाहिरात करणारा धुडकू ते त्याच भोंग्यातून वाचायला लागला: 'घरच्या लक्ष्मीचे मन मोडू नका. तिची इच्छा आजच पूर्ण करा, भरभराट होईल.'

सेठ बिनलग्नाचा. "पहले लक्ष्मी तो दे, फिर उसका मन देखता हूँ!" असं म्हणून त्यानं रोजच्यासारखी माझ्या बरगडीत चापट मारली. लोक हसले. गजराबाई हसली नाही. तिनं सेठच्या ढेरीकडे पाहिलं, मग दूर जाणाऱ्या आपल्या सडसडीत नवऱ्याकडे पाहिलं, आणि टोपली उचलून झपझप घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून पाटलांच्या परसात चुलीवर मांडे भाजायचं खापर चढलं. मांडे काय, त्यावर तुपाची धार काय! सकाळी लोण्याचा गोळा, दुपारी तेलात पोहणारं भरीत, रात्री दाळ-बट्टी, वर गुळाचं दूध. "थंडीना दिन शेत, खावाले पाहिजे," असं म्हणून ती वाढत राहायची. पाटील खात राहायचे. तिकडे त्यांचा सदरा आकसायला लागला आणि इकडे माझ्याकडे मौजच मौज सुरू झाली.

काही आठवड्यांनी पाटील एक कप्पा चढले. भेलीशिवायच 'कोणताही व्यवहार करू नका' निघालं. मग काय, पाटील व्यवहार सोडून ओट्यावर लोळायला लागले आणि आणखी सुटले.

"पाटील, तुमनं नशीब फुगी ऱ्हायनं!" धुडकू म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, पण बोलला अगदी खरं.

मग तिसरा कप्पा आला. आणि गजराबाईचा डाव फसला. त्या तिकिटावर होतं: 'परगावी जा. जुने स्नेही भेटतील.' पाटील तिकीट खिशात घालून थेट इकडे विसरवाडीला निघाले, उदेसिंग नावाच्या मित्राकडे. मित्रानं प्रेमानं काय खाऊ घातलं देव जाणे, पाटील चार दिवसांनी परतले ते पोट धरून. पंधरा दिवस ताक आणि भात. माझ्यावर चढले तेव्हा पुन्हा जुन्या जागी. शब्द अंतिम.

गजराबाईनं तोंडावर पदर घेतला. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझे दिवे त्या दिवशी मला अगदी नकोसे वाटले. होळी जवळ आली होती.

पण ती बाई हरणारी नव्हती. पाटलांचं पोट सुधारल्याबरोबर खापर पुन्हा चढलं. आणि अशात होळीच्या आधीचा बाजार आला. तंबूत त्या आठवड्यात असा एक रडका सिनेमा होता की बायका घरून जास्तीचा रुमाल घेऊन येत होत्या. गजराबाई तो परसातून चार वेळा ऐकून चुकली होती.

पाटील आले. गुळाच्या प्रकरणापासून ते वजन करताना अंगावर काही ठेवत नसत. काठी, पिशवी, डोईचं पागोटं, सगळं बायकोच्या हातात द्यायचे आणि अनवाणी चढायचे. त्या दिवशीही तसेच चढले. गजराबाई सगळं सांभाळत अगदी त्यांच्या पाठीशी उभी.

काटा फिरला. तिसऱ्या कप्प्यात शिरला, त्याच्या पार कडेला गेला आणि तिथे घुटमळला. सेठचा कप्पा दोन बोटं दूर. पाटील पुन्हा परगावी जाणार आणि तंबू उठणार! माझा जीव स्प्रिंगेत अडकला.

तेवढ्यात मला माझ्या पाटावर, पाटलांच्या टाचेमागे, आणखी एक स्पर्श जाणवला. एक अंगठा. मग त्याच्या शेजारचं बोट. त्या बोटात जोडवं. भीत भीत टेकलेला तो पाय आधी नुसता टेकला, मग त्यावर भार आला. काटा हलला, सरकला आणि सेठच्या कप्प्यावर जाऊन थांबला. पाटलांनी आणा टाकला आणि तिकीट पडलं.

ते त्यांनी नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं. "घरच्या लक्ष्मीचे मन..." इथे आवाज थोडा कमी झाला. "तिची इच्छा आजच पूर्ण करा..." इथे आणखी कमी. पण धुडकूनं ते भोंग्यातून पुन्हा वाचलं, म्हणजे आता पळवाट उरली नाही. सगळा बाजार पाटलांकडे बघायला लागला. तिकीट मोडायचं तर इतक्या वर्षांची पत मोडणार.

"काय इच्छा शे वं तुन्ही?" पाटलांनी विचारलं.

गजराबाईचा पाय केव्हाच जमिनीवर गेला होता. काठी, पिशवी, पागोटं छातीशी धरून ती म्हणाली, "मले पिच्चर देखना शे."

 पाटलांनी एकदा खाली पाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चाल."

कनातीच्या पलीकडे, बायकांच्या बाजूला, ती पहिल्यांदा बसली. मी बाहेरून कान देऊन होतो. सगळा तंबू हुंदके देत असताना मला एकच हसणं ऐकू आलं, आणि ते तिचं होतं. तो भयंकर हसणारा खलनायक पडद्यावर निघाला एवढासा, काडीपैलवान! पुढे आई मेली तेव्हा मात्र तीही रडली. आधी चार वेळा रडली होती, तशीच.

बाहेर आल्यावर धुडकूनं विचारलं, "कशी वाटनी नटी, वहिनी?"

"मन्हा मनमां ती यान्हापेक्षा देखनी व्हती," गजराबाई म्हणाली. तक्रार केली खरी, पण डोळे असे चमकत होते की माझे सगळे दिवे तिच्यापुढे फिके.

होळी झाली. तंबू उतरवायच्या आधी एक शेवटचा बाजार उरला होता. पाटील आले, सगळं सामान बायकोच्या हातात दिलं आणि माझ्यावर चढले. आणा हातात होता, पण टाकला नाही. तसेच उभे राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "काय देखी ऱ्हायनी? ठेव ना पाय."

गजराबाईच्या हातातली काठी खाली पडली.

"मागला बाजारले तुन्हं जोडवं रुतनं व्हतं मले," पाटील म्हणाले.

"मंग बोलनात का नही?"

"बोलतू ते पिच्चर कोन देखतं?"

गजराबाई हसली. आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, पिशवी-पागोट्यासकट. दोघं मिळून माझ्यावर उभे. आता पाटलांनी आणा टाकला. काटा सगळे कप्पे ओलांडत थेट शेवटच्या कप्प्याला जाऊन भिडला. तो कप्पा तोवर कधीच उघडला नव्हता, कारण तेवढ्या वजनाचं माणूस अख्ख्या म्हसावदमध्ये नव्हतं. आत काय छापलंय याची मलाही उत्सुकता होती. तिकीट पडलं. पण ते दोघं उतरून तिकीटखिडकीकडे चालू लागले होते. अक्षर न् अक्षर पाळणाऱ्या भिला पाटलांनी ते तिकीट उचललंसुद्धा नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, तुमचा चहा आला. प्रेमचंद सेठ शहाद्याला गेला. मला या हॉटेलवाल्यानं घेतलं. मग पौंड जाऊन किलो आले, कारागिरानं माझा चेहरा बदलला आणि भलेभले जाडजूड लोक एका दिवसात निम्म्यावर आले. बायका फार खूश झाल्या. नवी तिकिटं काही आली नाहीत. आता माझ्यावर ट्रकवाले कांद्याची गोणी टेकवतात आणि पोरं घोडा-घोडा खेळतात. मी कुरकुरतो, पण कुणाला वाटतं तेल कमी पडलंय.

तरी एक मागणं आहे. गाडी यायच्या आत एकदा चढा. आणा नको, चप्पल तेवढी काढा. घरचं कुणी मागे उभं असेल आणि टाचेला काही टोचलं, तर लगेच ओरडू नका.