टाकी हलवायची नाही

काकांनी टाकी हलवणं सोडलं, तेव्हा गल्लीतल्या हौशी फोटोवाल्यांना वाटलं, म्हातारा या वयात काहीतरी नवीन शिकला. काकूंना खरं कारण ठाऊक होतं, पण नवऱ्याची झाकली मूठ उघडी करण्याची त्यांना हौस नव्हती.

पुढे स्टुडिओ, मागे घर आणि मधल्या अडगळीच्या खोलीत काकांची डार्करूम. रोल रिळावर चढवून बंद टाकीत घालायचा, वरून डेव्हलपरचं रसायन ओतायचं आणि मिनिटामिनिटाला टाकी उलटीसुलटी करायची, ही त्यांची जन्माची सवय. पण अलीकडे त्यांचे हात कापायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हातांनी त्या गोळ्यांना भीक घातली नाही. टाकी इतकी हिंदकळायची की निगेटिव्ह करपल्यासारखी काळी निघायची आणि फोटोत गिऱ्हाइकांचे चेहरे चुना फासल्यासारखे दिसायचे.

मग काकांनी पद्धतच बदलली. डेव्हलपर अगदी पातळ करायचा, टाकी टेबलावर ठेवायची आणि तासभर तिला हात लावायचा नाही. उजेड जास्त पडलेल्या जागचं रसायन लवकर दमतं, सावलीतलं टिकून राहतं, म्हणून काळ्याभोर केसांतली बटसुद्धा फोटोत दिसते. पद्धत खरंच चांगली होती. काकांनी मात्र तिचं तत्त्वज्ञान करून टाकलं. "हलवाहलवी नवशिक्यांनी करावी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. रोल रिळावर चढवायला आता पूर्वीच्या चौपट वेळ लागायचा, पण ते काम अंधारातलं. तिथे कोण बघतंय?

एकदा शेजारच्या सुताराचा रोल पट्टेदार निघाला. फिल्मच्या कडेला भोकं असतात, तिथून खाली लांबलचक पट्टे उतरले होते. टाकी अजिबातच न हलल्यामुळे दमलेलं रसायन एकाच वाटेने खाली घसरलं होतं. उपाय सोपा होता. मध्यावर एकदा, फक्त एकदा, टाकी अलगद उलटी करून सरळ करायची. सोपा म्हणजे, ज्याचा हात स्थिर त्याला. सुताराने बिचाऱ्याने काही कुरकुर केली नाही. लाकडालाही रेषा असतातच, म्हणाला आणि फोटो घेऊन गेला. काकांना ते बोलणं फार लागलं.

त्याच सुमाराला आक्का गेली. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. जन्मभर ती कॅमेरा दिसला की पळायची. भाऊ फोटोवाला, आणि तिचा धड एक फोटो घरात नाही. जाण्याच्या थोडे दिवस आधी मात्र ती आपण होऊन स्टुडिओत येऊन बसली, म्हणाली, "काढ एकदाचा." तो रोल टेबलाच्या खणात तसाच पडून होता.

"आक्कांचा रोल कधी धुणार?" काकू विचारायच्या.

"बघू."

पट्टा नेमका तोंडावरून गेला तर पुन्हा बसवायला आक्का कुठून आणायची? या धास्तीने काका त्या खणाला हातच लावत नव्हते.

शेवटी एका दुपारी ते डार्करूमच्या दारात येऊन उभे राहिले. "जरा येतेस का आत?"

काकू चकित झाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी आणलेला चहासुद्धा त्या उंबऱ्याबाहेरच थांबायचा. आत दिवा लागलेला, बंद टाकी टेबलावर.

"आक्काचा रोल आहे. हिला एकदा उलटी करून सरळ करायची. माझा खांदा धरलाय."

"हो, खांदाच असेल," काकू म्हणाल्या.

"हळू हं. आतल्या पाण्याला कळता कामा नये."

"अहो, इतकी वर्षं तुमचा संसार सांडू दिला नाही. ही तर टाकी आहे."

त्यांनी टाकी उचलली, उलटी केली, सरळ केली आणि जागच्या जागी ठेवली. वेळ भरल्यावर, उमटलेलं चित्र पक्कं करणारा हायपो ओतायची पाळी आली तेव्हा, "यात कितीही हलली तरी चालते," म्हणत काकांनी टाकी आपल्याकडे घेतली. काकूंनी घेऊ दिली.

धुतलेली फिल्म दोघांनी मिळून दिव्यासमोर धरली. वरचं टोक काकूंच्या हातात, खालचं काकांच्या. एकही पट्टा नव्हता. काकूंना हायसं वाटलं. काका मात्र डोळ्याला भिंग लावून एकेका फोटोवरून सरकत राहिले, आणि शेवटाला पोचून पुन्हा पहिल्यावर आले.

"काय झालं? बिघडलं का?"

"नाही, चांगलं निघालंय. दहादा सांगितलं होतं तिला, लेन्सकडे बघ. हो हो म्हणायची आणि बघायची नाही. मला वाटलं, दमली असेल."

काकूंनी भिंग घेतलं. निगेटिव्हमध्ये डोळ्यांतलं पांढरं काळं दिसतं आणि बुबुळं फिकट, त्यामुळे उमगायला जरा वेळ लागला. फोटो काढताना कॅमेरा स्टँडवर होता, काका बाजूला उभे राहून वायरचं बटण दाबत होते, आणि आक्काची नजर त्या बटणावरच्या हाताकडे होती. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत.

"तिला कळलं होतं," काका म्हणाले. "बोलली नाही."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

काका रडले. बहीण गेली तेव्हाही ते इतके रडले नव्हते. काकू फिल्मचं टोक धरून तशाच उभ्या राहिल्या. मग काकांनी आपल्या हातातलं टोकही बायकोपुढे केलं.

"तूच टांग. माझ्याकडून पडेल. हात कापतात माझे."