मशीनच्या खणातला ब्रश

मी ब्रश बोलतोय. दात घासायचा नव्हे, भिंत रंगवायचा नव्हे, बुटांचा तर मुळीच नव्हे. मी कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश आहे. लाकडी मूठ, त्यावर रबराची गादी आणि गादीतून वर आलेल्या, टोकाशी वाकलेल्या बारीक तारा. मला पाहिलं की लोक आधी हसतात. "कुत्र्याला कसला आलाय ब्रश!" हसा बापडे. हसून झालं की जरा ऐका, कारण माझ्याकडे आता धीर फार उरलेला नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती जुन्या पनवेलमधल्या धर्मराजांच्या पडवीची. धर्मराज पेन्शनीत निघालेले गृहस्थ. त्यांनी चार-पाच पांढरी कुत्री पाळली होती. जात स्पिट्झ, पण आपल्याकडे पांढरं, केसाळ आणि झुपकेदार शेपटीचं जे काही भुंकतं ते सगळं पामेरियन. त्र्याण्णव साली दीनानाथ नावाचे एक साहेब नवीन पनवेलहून स्कूटरवर आले आणि आपल्या मुलीसाठी एक पिल्लू घेऊन गेले. त्या पिल्लाच्या खोक्यात धर्मराजांनी मलाही ठेवलं.

"साहेब, हिला केसांचे दोन थर असतात," ते समजावत होते. "वर लांब केस, आत मऊ लोकर. वर्षातून दोनदा आतली लोकर सुटते. घरभर होईल. तेव्हाच रोज विंचरायचं, अगदी कातडीपासून. घाबरून थांबवायचं नाही."

साहेब "हो, हो" म्हणाले. त्या वेळी पिल्लू त्यांच्या बुटाची नाडी चावत होतं आणि त्यांचं सगळं लक्ष नाडीकडे होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट सांगायची असली तर माणसाने आधी बूट काढून ठेवावेत, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. घरी पोचेपर्यंत साहेब सगळं विसरले. बायकोला म्हणाले, "हा ब्रश दिलाय. अधूनमधून फिरव."

ती बायको म्हणजे नीता. मी माझ्या आयुष्यात जास्तीत जास्त वेळ तिच्याच हातात राहिलो. ती घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-बिडिंग करायची. मशीन खिडकीशी. चार वाजले की ती मशीन थांबवून गॅलरीत बसायची, पिल्लाला मांडीवर घ्यायची आणि मला हळूहळू फिरवायची. मुलीने, म्हणजे नऊ वर्षांच्या रुचिराने, पिल्लाचं नाव बर्फी ठेवलं होतं. पहिलं वर्ष असं गेलं की काय सांगू! बर्फीचे केस असे चमकायचे की जिन्यातली माणसं थांबून विचारायची, "हिला काय खायला घालता?" मी मनात म्हणायचो, खायला नाही हो, विंचरायला!

मग फाल्गुन आला आणि बर्फीची पहिली लोकर सुटली.

नीताने मला तीन वेळा फिरवलं तर मांडीवर मूठभर कापूस जमला. चौथ्यांदा फिरवलं तर दोन मुठी. ती पांढरीफटक पडली. "अगं बाई, टक्कल पडेल हिला! ह्या ब्रशानेच ओढले जातायत केस."

मी केस ओढत नाही हो! जे आधीच सुटलेत, मेलेत, आत अडकून बसलेत, तेवढेच मी बाहेर आणतो. पण मला कोण विचारतो? नीताने आपल्या अनुभवाने विचार केला. रुचिराच्या जन्मानंतर तिचे स्वतःचे केस मुठीने गळत होते. तेव्हा तिने फणी बाजूला ठेवली, माक्याचं तेल जिरवलं, शिकेकाईने न्हायली, आणि केस थांबले होते. उपाय खरा होता. फक्त तो बाईमाणसाच्या केसांचा होता, कुत्रीच्या लोकरीचा नव्हता. तिने मला मशीनच्या खणात टाकलं आणि दर रविवारी बर्फीला तेल चोपडायला सुरुवात केली.

खणात माझ्याबरोबर बॉबिना, खडू, हुकांची डबी आणि अस्तराच्या चिंध्या होत्या. चिंध्या वाढत गेल्या, मी मागे मागे सरकत गेलो. नीता दिवसातून वीसदा खण उघडायची. तिची बोटं माझ्यापासून चार इंचांवर येऊन खडू घेऊन जायची. मी सगळं ऐकत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

केस गळायचे थांबले नाहीत. ते थांबणार नव्हतेच. काही जमिनीवर पडायचे आणि पंख्याने घरभर फिरायचे. बाकीचे तेलात लडबडून आत चिकटायचे. वरणात केस, गादीवर केस, देवाच्या निरांजनात केस. साहेब काही वाईट माणूस नव्हेत. पहिले दोन महिने त्यांनी ताटातला केस मुकाट्याने काढून बाजूला ठेवला. पण सुकापूरच्या कुमुदताई आल्या त्या दिवशी सगळंच बिनसलं. त्यांच्या मुलीचा लग्नातला मखमली ब्लाउज नीताने शिवला होता, आणि पाठीच्या शिवणीत एक पांढरा केस चक्क शिवला गेला होता.

"नीताताई, राग मानू नका," कुमुदताई म्हणाल्या, "पण नवरीच्या अंगाला कुत्रीचे केस? उरलेलं कापड द्या, मी दुसरीकडे बघते."

त्या गेल्यावर नीता मशीनवर डोकं टेकून बराच वेळ बसली. तिचं कपाळ माझ्या अगदी वर होतं. संध्याकाळी साहेब म्हणाले, "एक तर हे मशीन राहील नाहीतर ती कुत्री. तूच ठरव." रुचिरा रडायला लागली. बर्फीला वाटलं हिला कुणी मारतंय, म्हणून ती साहेबांवर भुंकली.

पावसाळ्यात हाल आणखी वाढले. तेलकट लोकर ओली झाली की वाळेना. कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे गाठी झाल्या. गाठींखाली कातडी ओली राहून जखमा झाल्या. घरात वास यायला लागला. नीता वास येतो म्हणून रोज आंघोळ घालायची आणि आंघोळीमुळे वास वाढायचा. रोग परवडला, पण हा उपाय नको अशी गत! बर्फी टेबलाखाली जाऊन बसायची, कुणी हात लावला की गुरगुरायची. 'ब्रश घे, नीता, ब्रश घे,' असं मी खणात घोकत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा किती तळमळत असेल हे कुणी विचारात घेत नाही.

एका शुक्रवारी शाळेतून आलेल्या रुचिराने लाडाने बर्फीच्या गळ्यात हात टाकले. कानामागची गाठ ओढली गेली आणि बर्फी चावली. मुलीच्या मनगटावर तीन दात लागले.

साहेबांनी रुचिराला दवाखान्यात नेऊन आणलं आणि त्यांच्या ऑफिसातल्या देवेशना फोन लावला. देवेशचं कर्नाळ्याच्या बाजूला कोंबड्यांचं पोल्ट्री फार्म होतं. त्यांना राखणीला कुत्रं हवंच होतं. रविवारी सकाळी जीप येणार असं ठरलं.

शनिवारी दुपारी सोनाबाई आली. ही उरणकडची कोळीण, दर शनिवारी दारावर मासळी घेऊन यायची. तिने टोपली उतरवली, तर बर्फी टेबलाखालून लंगडत आली आणि तिचे हात चाटायला लागली. माशांचा वास, दुसरं काय! सोनाबाईने चाटू दिलं आणि दुसऱ्या हाताने हळूच मानेखाली चाचपलं.

"नीताताय, हिला तेल कोनी लावला?"

"मीच लावलं. केस गळत होते ना."

"अगो बाय, हे केस नाय राहिले, जाला झालाय जाला. गुता पडलेला जाला वढला तर फाटतो. आमी टोकापासून सोरवताव. कंगवा हाय काय घरान?"

नीताने मशीनचा खण पुरा बाहेर ओढला आणि जमिनीवर पालथा केला. चिंध्यांच्या ढिगातून मी बाहेर पडलो. मला उजेड दिसला तो दीड वर्षांनी नव्हे, सहाच महिन्यांनी. पण विचाराल तर मी दीड वर्ष सांगेन.

सोनाबाईने मला हातात घेतलं नाही. ती आधी बोटांनी गाठीचं टोक मोकळं करायची, कातडी दुसऱ्या हाताने धरून ठेवायची, आणि मग म्हणायची, "आता फिरव." नीता मला फिरवायची. सुटण्यासारख्या नव्हत्या त्या गाठी नीताने शिवणाच्या कात्रीने, खाली बोट घालून, कातरल्या. टोपलीतला बर्फ वितळून पाणी दारापर्यंत आलं, मासळी नरम पडली, तरी सोनाबाई उठली नाही. चार तास लागले. शेवटी बर्फीच्या शेजारी बर्फीएवढाच केसांचा ढीग झाला आणि ती पाय ताणून झोपली. कित्येक दिवसांनी ती अशी झोपली होती.

"मुकं जनावर," सोनाबाई टोपली उचलताना म्हणाली. "ती चावली नाय गो. बोंबलली."

साहेब आले तेव्हा नीता तशीच ढिगाशेजारी बसली होती. "बघा ना," ती म्हणाली, "दुखत होतं म्हणून चावली. चूक माझी होती. थोडे दिवस द्या."

साहेबांनी बर्फीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मऊ झाला होता, मी शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात रुचिरा बँडेज बांधलेला हात घेऊन आतून आली. "मुलीच्या हातापेक्षा कुत्री मोठी झाली का?" ते म्हणाले. "देवेशला शब्द दिलाय." आणि नीता गप्प बसली. तेल लावणारी मीच, मग कुठल्या तोंडाने भांडू, असं तिला वाटलं असणार. नीता, तू तिथे भांडायला हवं होतंस. मी तुला दोष देत नाही, पण भांडायला हवं होतंस.

सकाळी जीप आली. खाण्याचा वाडगा, साखळी, जुनी चादर, बिस्किटांचा पुडा, सगळं बर्फीबरोबर गेलं. मी गॅलरीच्या कठड्यावर राहिलो. रुचिरा संडासात कडी लावून बसली होती. तिला समजावण्याच्या गडबडीत मला द्यायचं राहून गेलं.

"दिवाळी झाली की जाऊ, तेव्हा देऊ," साहेब म्हणाले. घर स्वच्छ झालं. ब्लाउजांची कामं पुन्हा आली. नीता शिवायची आणि मध्येच पाय उचलून मशीनखाली बघायची, तिथे कुणी झोपलेलं नाही ना म्हणून. दिवाळी होऊन गेली तरी जायचं कुणी नाव काढेना. शेवटी एका बुधवारी साहेब ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेल्यावर नीताने मला पिशवीत घातलं आणि पेणची एसटी पकडली.

पोल्ट्रीच्या फाटकाशी तिथला राखणदार गणू भेटला. त्याने शेडकडे बोट दाखवलं. साखळीला एक गुलाबी, हाडकुळा प्राणी बांधलेला होता. नीता त्याला ओलांडून पुढे शोधायला गेली. मग त्या प्राण्याने शेपटी हलवली. शेपटीवरही केस नव्हता.

"गोचीड झालते बाय, केसान," गणू म्हणाला. "न्हावी आनला नी मशीन फिरवली. कटकटच मिटली."

त्याने वाईट हेतूने केलं नाही. माणसाची हजामत केली की केस पुन्हा येतात, हे त्याला माहीत होतं. दोन थरांचा हा कोट मुळापासून भादरला की कधी येतो, कधी ठिगळं ठिगळं येतो आणि कधी येतच नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं? उन्हाने पाठीची सालटी निघाली होती. नीता मातीतच बसली. तिने काय करावं ते न सुचून मला पिशवीतून काढलं. मला पाहताच बर्फी तिच्या पुढ्यात आली आणि विंचरून घ्यायला कुशीवर आडवी झाली.

नीताने मला उलटं धरलं. माझी लाकडी पाठ त्या भाजलेल्या कातडीवरून तिने हळूहळू फिरवली. आणि मग ती अशी रडली, की तसं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गणूला म्हणाली, "साखळी सोडा. ही माझी आहे. देवेशना मी सांगते." एसटीत कुत्रं घेईनात, म्हणून ती सहा आसनी रिक्षाने परत आली, बर्फीला पदरात गुंडाळून. संध्याकाळी साहेबांनी दार उघडलं. या खेपेला नीता भांडायला तयार होऊन आली होती, पण साहेबांनी बर्फीला पाहिलं आणि ते दारातून बाजूला झाले.

आता माघ चालू आहे. तीन महिने होऊन गेले. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, वाट बघा. पाठीवर कुठे कुठे लव आली आहे, पण पोटाच्या बाजूला कातडी काळी पडून तशीच राहिली आहे. रोज चार वाजता नीता मला घेऊन बसते. तारा नाही लावत, पाठच फिरवते. साहेब ऑफिसातून येतात आणि बूट काढता काढता विचारतात, "आले का?" परवा रुचिरा ओरडली, "आई, आला! ब्रशात एक आला!" सगळे धावले. अस्तराचा पांढरा दोरा होता. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

माझं काय, मी ब्रश. केस असतील तर मी कुणीतरी आहे, नाहीतर नुसत्या तारा. तुमच्या घरी असं केसाळ जनावर असेल, तर खण उघडा आणि माझ्या भावंडाला आजच बाहेर काढा. एवढीच विनवणी.

आणि बर्फे, तू ऐक. तुझा केस गळाला तर आता या घरात कुणी हाकलणार नाही. उगव गं बाई, आणि मग झड. पंख्याखाली झड, मखमलीवर झड, घरभर झड. फक्त माझ्या तारा गंजायच्या आत.